तीन तासांचं धोलावीरा

“तीन तासांत तिथे काय दिसणार?”

दाजींनी एवढंच विचारलं, आणि जेवणानंतरचं आमचं सगळं बोलणं त्या एका प्रश्नापाशी अडकून बसलं.

आम्ही भुजला होतो आणि सुटीचा शेवटचा दिवस उरला होता. धोलावीरा तिथून खावड्यावरून, रणातल्या नव्या रस्त्याने, साधारण १३० किलोमीटर. भचाऊ-रापरच्या जुन्या वाटेने दोनशेच्या वर. सकाळी निघायचं, तीनेक तास फिरायचं, दिवेलागणीला परत, असा माझा बेत होता. दाजींची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. पावसाचा थेंबन् थेंब अडवता यावा म्हणून ज्या हडप्पाकालीन शहराची आखणी झाली, ते पाहायला त्यांच्याइतका लायक माणूस आमच्या नात्यात दुसरा नाही. त्यांनी साफ नकार दिला.

“तीन तास थोडे आहेत, मान्य,” मी म्हणालो. “पण शून्यापेक्षा जास्तच ना?”

“शून्य बरं. न गेलेल्या माणसाला निदान माहीत असतं की आपण पाहिलेलं नाही. तीन तास फिरलेला माणूस ‘आम्ही पाहून आलो’ म्हणतो आणि त्याच्यापुरता तो विषय मिटतो.”

“म्हणजे अर्धवट पाहण्यापेक्षा न पाहिलेलं चांगलं?”

“काही जागांच्या बाबतीत, हो. तूच सांग, काय बघणार आहेस?”

मी सांगितलं. मोठ्या रणातलं खदिर बेट. १९६७-६८ मध्ये जगत्पती जोशींनी या जागेची नोंद केली. १९९० पासून आर. एस. बिश्त यांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं उत्खनन झालं. बालेकिल्ला, मधलं नगर, खालचं नगर. विटांपेक्षा दगडाचं बांधकाम. सुमारे २८३ मीटर लांबीचं मैदान. उत्तर दरवाजाच्या खोलीत सापडलेली दहा अक्षरं, हातभर उंचीची, जिप्समच्या तुकड्यांची. ज्या लाकडी फळीवर ती बसवली होती ती कुजून गेली, अक्षरं मात्र ओळीने जमिनीवर पडून राहिली. २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. आणि तलाव.

“पूर्वेकडचा तलाव केवढा?”

“७३ मीटर लांब, २९ रुंद, दहाच्या वर खोल.”

दाजींनी खिशातलं पेन काढलं आणि हॉटेलच्या बिलाच्या पाठीवर गुणाकार मांडला. “भिंती सरळ उभ्या धरल्या तर सव्वादोन कोटी लिटरच्या आसपास. पायऱ्या, गाळ, वरची मोकळी जागा वजा कर. दीड कोटी धरू. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं, आठवतं? पन्नास वाघिणींची गाडी, २५ लाख लिटर. तशा सहा खेपांचं पाणी या एका तलावात मावतं. आणि बघ, रुंदी कमी आणि खोली जास्त ठेवलीय. बाष्पीभवन वरच्या पृष्ठभागावरून होतं, हे त्यांना पक्कं कळलेलं होतं.”

“बघा, तुम्हाला इथे बसल्या बसल्या एवढं दिसलं!”

“तेच म्हणतोय मी. आणि मी अजून भुजमधून हललेलोसुद्धा नाही.”

मला त्यावर लगेच उत्तर सुचलं नाही. मी म्हणालो की आकडा कळणं वेगळं आणि त्या काठावर उभं राहून दहा मीटर खाली बघणं वेगळं. उभा कातळ कुणी, कशाने फोडला असेल, हा प्रश्न आकड्यातून येत नाही, काठावर येतो.

“काठावर उभा राहून तू काय बघणार? कोरडा खड्डा. आत्ता डिसेंबर आहे. शहराच्या एका अंगाला मनसर, दुसऱ्या अंगाला मनहर, दोन्ही नाले वर्षाचा बहुतेक काळ कोरडे. पाऊस मुळात थोडा, तोही दोन-चार तडाख्यांत पडून जाणार. त्या तेवढ्या तासांत नाल्यावरच्या बांधाने पाणी वळवायचं, तटबंदीच्या आत घ्यायचं, गाळ खाली बसू द्यायचा, मग एका तलावातून दुसऱ्यात, पूर्वेकडून पश्चिमेकडे. जमिनीला तेरा मीटरचा उतार आहे, तो सगळा त्यांनी वापरला. त्या शहराची खरी परीक्षा वर्षातून काही तास व्हायची. त्या दिवसांत तिथे कोण जातं? आपण सगळे जातो थंडीत, पांढरं रण बघायला आलेलो असतो तेव्हा.”

हा आक्षेप खरा होता. पण त्यात मला एक फट दिसली.

“मग तुम्ही डिसेंबरात पंधरा दिवस मुक्काम केलात तरी तेच होणार. तेव्हाही खड्डा कोरडाच. तुमचा आक्षेप तीन तासांवर नाहीच, ऋतूवर आहे.”

दाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पंधरा दिवस राहणाऱ्याला निदान कळतं की आपण चुकीच्या ऋतूत आलोय. तिथल्या विहिरीचं मचूळ पाणी तोंडात जातं, गावातलं कुणीतरी सांगतं की पावसाळ्यात या, मग हे बेट असतं. तीन तासवाला बाटलीतलं पाणी पितो. त्याला आपलं काय हुकलंय तेसुद्धा समजत नाही.”

“आपल्याला समजलंय. न जाताच.”

“मग जायचं कशाला?”

असं आम्ही पुन्हा पुन्हा त्याच जागी येत राहिलो. मी म्हणायचो, माहीत असलेल्याने तरी जावं. ते म्हणायचे, माहीत असेल तर जाण्याने भर काय पडते, आणि माहीत नसेल तर तीन तासांत कळणार काय. या दोन्हींच्या मधे माणूस असतो, असं मला मनापासून वाटतं. ज्याला थोडं माहीत आहे आणि उरलेलं काय विचारावं हे माहीत नाही, असा. आपण बहुतेक जण असेच असतो. आणि काय विचारावं हे बहुतेक वेळा जागेवर गेल्यावरच सुचतं.

म्हणून मी दुसऱ्या बाजूने गेलो. “दाजी, ज्याला वर्षात चार दिवस रजा मिळते त्याने काय करायचं? एका दिवसात जाऊन येणं चुकीचं ठरवलं तर या जागा संशोधकांच्या आणि सवडीच्या पैसेवाल्यांच्या होऊन बसतील.”

“चुकीचं मी माझ्यापुरतं म्हणतोय. आणि रजा नसलेल्याला पुढे करून आपली हौस भागवू नये.”

हे मला लागलं. तरी मुद्दा मला सोडवेना, कारण तो माझ्या हौसेपुरता नाही. शाळेच्या सहलीची एसटी वेरूळला थांबते, शिक्षक दोन तासांत पोरांना लेण्यांतून फिरवून आणतात. कैलास लेण्यापुढे त्या पोरांना तारीख कळत नाही, राजवट कळत नाही. पण हे डोंगर वरून खाली कोरत आणून केलंय, हे ऐकून एखादं पोर मान वर करून बघत राहतं. हे मी त्यांना सांगितलं.

“शंभरातलं एक,” दाजी म्हणाले.

“एक पुरे.”

“त्या एकासाठी नव्व्याण्णवांनी दगड झिजवायचे? अजिंठ्याला माणसांच्या श्वासातल्या दमटपणाने चित्रांना धोका झाला म्हणून एका वेळी आत किती जण सोडायचे हे ठरवावं लागलं. धोलावीऱ्याच्या भिंती मातीत बसवलेल्या दगडांच्या. मातीच्या भरावावर पायवाट पडली की पुढच्या पावसाचं पाणी नेमकी तीच वाट धरतं. आधी बोटभर घळ, मग हातभर, मग भराव खचतो. धरणाच्या भिंतीवरून गुरं जाऊ देत नाहीत ते उगाच नाही.”

“ठरवून दिलेल्या वाटेने चालायचं. त्यासाठीच वाटा आखलेल्या असतात.”

“चालतील का सगळे?”

“आपण तरी चालू.”

यावर त्यांनी फक्त मान हलवली, होकार की नकार ते कळलं नाही. मग मला त्या शहराच्या शेवटच्या काळाची आठवण झाली. तिथे वस्तीचे सात टप्पे सापडले आहेत. वैभव ओसरलं, शहर ओस पडलं, आणि काही काळाने पुन्हा माणसं येऊन राहिली. अगदी शेवटच्या टप्प्यात तर लोकांनी जुनी काटकोनातली आखणी सोडून गोल घरं बांधली. कच्छातली ‘भुंगा’ म्हणतात ती घरं आजही गोलच असतात. मी म्हणालो, “त्या लोकांनाही आधीच्या शहराचा अर्थ पुरता कळलेला नसणार. अवशेषांत वावरणारी माणसं आपल्याआधीही होती.”

“त्यांनी तिथले दगड उचलून घरं बांधली, तिथेच चूल मांडली. त्यांचा त्या जागेशी व्यवहार होता. आपला काय आहे?”

“बघणं हासुद्धा व्यवहार आहे.”

“कसला? आपण तिथे काय ठेवून येतो? पूर्वी रस्ता लांबचा होता तेव्हा गेलेल्याला तिथेच रात्र काढावी लागे. गावातल्या कुणाच्या तरी घरी भाकरी खावी लागे, वाट दाखवायला तिथलाच माणूस घ्यावा लागे. आता रण कापून रस्ता झाला आणि आपण संध्याकाळी भुजला येऊन जेवणार. रस्ता जवळचा झाला की मुक्काम घटतो.”

“खदिरच्या लोकांना तो रस्ता दवाखान्यासाठी, बाजारासाठी हवाच होता.”

“हवाच होता. त्यांनी त्यावरून रोज यावं-जावं. मी आपल्याबद्दल बोलतोय.”

ताई इतका वेळ ऐकत होती. ती दाजींना म्हणाली, “तुम्ही श्रीरामपूरला होतात तेव्हा दायमाबादला किती वेळा गेलात! काय दिसायचं तिथे?”

“काही नाही. प्रवरेकाठचं टेकाड आणि बाभळी.”

मला वाटलं, आता दाजी सापडले. दायमाबाद आपल्या नगर जिल्ह्यातलं. १९७४ मध्ये झाडाची मुळं खणताना तिथे चार भरीव ब्राँझमूर्ती निघाल्या: बैलांचा रथ हाकणारा माणूस, रेडा, हत्ती आणि गेंडा. पुष्कळ जण त्यांचा संबंध उत्तर हडप्पा काळाशी जोडतात, काहींना ते मान्य नाही. “म्हणजे वारंवार जाऊनही काही दिसलं नाही,” मी म्हणालो. “मग वेळ देण्याचा उपयोग काय झाला?”

“उपयोग असा झाला की गेंडा माझ्या डोक्यातून गेला नाही. प्रवरेकाठी गेंडा कुणी पाहिला असेल? की दुसरीकडे पाहून इथे घडवला? की घडवलेला दुसरीकडून आणला? कालव्याच्या फेरीवर निघालो की ते टेकाड आडवं यायचं आणि प्रश्न पुन्हा उभा राहायचा. जागा जवळची होती म्हणून प्रश्न जिवंत राहिला. तुझे धोलावीऱ्याचे प्रश्न उद्या रात्री जेवताना संपतील.”

त्या संध्याकाळी ऐकलेलं सगळ्यात कठीण वाक्य हेच. माझ्याकडे त्याला उत्तर होतं, पण ते सिद्ध करता येण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, “तुमचासुद्धा प्रश्न पहिल्या फेरीत सुरू झाला असेल ना? ती पहिली फेरी किती तासांची होती?”

“तासाभराची,” ते म्हणाले. “पण दुसरी होणार हे मला माहीत होतं.”

“मला माहीत नाही, म्हणून पहिलीच करू नये?”

यावर ते काही बोलले नाहीत. बिलाचा कागद पुन्हा ओढून त्यांनी त्यावर शहराचा चौकोन काढला, वरखाली दोन नाले काढले, एक बाण काढला. “जायचंच असेल तर एकच गोष्ट बघायची. मनहरच्या नाल्यापासून सुरुवात. तिथून पूर्वेचा तलाव, मग पाण्याच्या मागे मागे खाली शेवटच्या तलावापर्यंत चालत. बालेकिल्ला नाही, मैदान नाही, संग्रहालय नाही. तीन तास एका उताराला पुरतील. कदाचित.”

“आणि उत्तर दरवाजा? ती दहा अक्षरं सापडली ती जागा?”

“अक्षरं तुला वाचता येणार आहेत का? कुणालाच येत नाहीत. उतार वाचता येतो.”

“वाचता येत नाहीत म्हणूनच ती जागा बघायचीय मला. एवढ्या मोठ्या अक्षरांची पाटी वेशीवर लावली, म्हणजे ती कुणीतरी लांबून वाचावी अशी अपेक्षा होती. हे पाण्याच्या हिशोबाइतकंच मोठं आहे, दाजी. पाण्याची सोय जगायला लागते. पाटी कशाला लागते?”

“मग तू पाटीकडे जा, मी नाल्याकडे जातो.”

“मला दोन्ही बघायचंय,” ताई म्हणाली.

“तीन तासांत दोन्ही होत नाही, हेच तर मी मघापासून सांगतोय!” दाजी म्हणाले. मग बराच वेळ कागदाकडे बघत राहून त्यांनी विचारलं, “किती वाजता निघायचं म्हणतोस?”

“सहाला.”

“चारला निघू. सूर्य वर आला की सपाट उजेडात जमिनीचा उतार दिसत नाही. उगवतीला सावल्या लांब पडतात, तेव्हा कळतो. दरवाजाचं काय करायचं ते गाडीत बोलू. मला ते अजून पटलेलं नाही.”