हाकेला ओ

भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसालाही हाक ऐकू जात नाही. हाताने खूण करावी लागते. त्या गावातून वाड्याच्या रस्त्याने निघून आम्ही तिघे एका जानेवारीत दुगाडचा गुमतारा गड चढलो, ते मात्र हाक मारण्यासाठीच. आमच्यातील एका मित्राकडे हौशी रेडिओचा सरकारी परवाना आहे. त्याच्या पिशवीत पाच वॅटचा मुठीएवढा संच व गुंडाळलेली अँटेना होती. भाकरी-पाण्याचे ओझे आमच्याकडे. चढणीवर दाट धुके होते. डिसेंबर १७८० मध्ये याच दुगाडच्या परिसरात रामचंद्र गणेश कानडे धुक्यातून इंग्रजांवर चालून गेले व लढताना पडले. धुक्यातून येणारा आवाज आपल्याचा की परक्याचा, हे अनेकदा उशिरा कळते.

दोन मीटर पट्ट्यातील लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. इमारतींच्या गर्दीत पाच वॅट चार-सहा किलोमीटरांतच थकतात. पण सुमारे सहाशे मीटर उंचीवरून, मध्ये डोंगर नसेल तर, तोच आवाज शंभर किलोमीटरपर्यंत पोहोचू शकतो. सामर्थ्य संचाचे नव्हे, जागेचे.

माथ्यावर मित्राने ‘सीक्यू’ अशी हाक दिली. जो कोणी ऐकत असेल त्याने उत्तर द्यावे, एवढाच तिचा अर्थ. पत्रावर पत्ता असतो, दूरध्वनीला क्रमांक असतो; ही हाक मात्र बिनपत्त्याची. मग तिला ओ देण्याचे कर्तव्य कोणाचे? सर्वांचे म्हणावे, तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.

त्या दिवशी उत्तरे भराभर आली. कल्याण, वसई, मुंबई! आम्ही हरखून गेलो. गडाची उंची, वारा, अँटेनेची लांबी, सारे सांगून झाले. अर्ध्या तासाने वसईचे गृहस्थ म्हणाले, “तुमच्या आवाजाखाली कोणीतरी क्षीण आवाजात केव्हापासून बोलावते आहे.”

या संचाचा एक धर्म आहे: बोलण्याची कळ दाबलेली असेतो तो बहिरा असतो. शिवाय या पद्धतीत दोन आवाज एकाच वेळी आले तर बलवान आवाज दुर्बलाला पुरता झाकून टाकतो. आम्ही थांबलो तेव्हा ते कळले. आजारपणामुळे घराबाहेर न पडणारे एक वृद्ध परवानाधारक होते. संकट काही नव्हते. अँटेना वाऱ्याने कलली होती, आपला आवाज कोठवर जातो एवढेच त्यांना विचारायचे होते.

“संकट नव्हते ना, मग झाले,” असे आमच्यातील एकजण म्हणाला. पण ते नव्हते, हे आम्हांला ऐकल्यावर कळले. ऐकण्यापूर्वी किल्लारीची हाक आणि कललेल्या अँटेनेची हाक सारखीच असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर असेच हौशी लोक, एक पैसाही न घेता, निरोप पोहोचविण्यास तेथे धावले होते. प्रत्येक हाकेला मदत देणे कोणालाच शक्य नाही. बॅटरी संपते, सूर्य मावळतो. मात्र मदतीचे ऋण आणि ऐकण्याचे ऋण ही दोन वेगळी आहेत, असे आम्हांला वाटते. उंच जागी चढलेल्याचे दुसरे ऋण वाढते, कारण त्याला अधिक दूरचे ऐकू येते. आम्ही उंचीचा उपयोग केवळ बोलण्यासाठी केला.

हौशी रेडिओवाले संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांना आपले आश्रयदाते मानतात. १९३८ मध्ये त्यांनी पोलंडमधील आपल्या मठात नभोवाणी केंद्र सुरू केले होते. परंतु १९४१ च्या जुलैअखेरीस आउशवित्झच्या छावणीत, उपासमारीने मारण्यासाठी निवडलेल्या दहा कैद्यांपैकी एकजण बायकोमुलांसाठी आक्रंदला, तेव्हा तेथे कोणताही संच नव्हता. ते आक्रंदन शेकडोंनी ऐकले. रांगेतून पुढे आले एकटे कोल्बे. त्यांचा त्या माणसाशी काय संबंध होता? त्यांनी ऐकले होते, एवढाच.

आमचे काम फारच लहान होते. मित्राने अँटेना हळूहळू फिरवली, आजोबा आकडे मोजत राहिले, “आता? आता कसे?” असे विचारत राहिले. प्रत्येक वाक्यानंतर कळ सोडून दोन श्वास थांबायचे, असे आम्ही ठरवले. त्या थांबण्यात बराच वेळ गेला. भाकरी थंड झाली, आणि दुगाडला पोहोचेपर्यंत अंधार पडला.