परत घेण्याचा अधिकार

इंग्लंडमध्ये मुलाला शाळेतून काढून टाकण्याचा अधिकार एकट्या मुख्याध्यापकांना असतो. तो निर्णय तपासतात शाळेचे गव्हर्नर: पालक, शिक्षक, परिसरातले नागरिक, बहुतेक सगळे बिनपगारी. या तपासणीमागचा विचार हळूहळू, अडखळत पुढे आला आहे.

मुख्याध्यापकांचा शब्द अखेरचा, या समजुतीला १९८६ च्या शिक्षण कायद्याने धक्का दिला. पालकांना कारण कळवा, त्यांचे म्हणणे ऐका, कायमचे काढले असेल तर अपील करू द्या, असे बंधन आले. तरीही मुलाला ‘अनिश्चित काळासाठी’ घरी बसवण्याची पळवाट उरलीच होती. ते मूल ना शाळेत, ना शाळेबाहेर. १९९३ च्या कायद्याने ती बंद केली.

अपील ऐकणारी मंडळे तेव्हा मुलाला परत घेण्याचा आदेश देऊ शकत. २००२ मध्ये सरे परगण्यात शिक्षकाला ठार मारण्याच्या धमक्या देणाऱ्या दोन मुलांना अशा मंडळाने परत शाळेत पाठवले. शिक्षक संतापले, शिक्षणमंत्री एस्टेल मॉरिस यांनाही त्यात पडावे लागले. तो संताप मला समजतो. पण पुढे जे झाले ते पटत नाही. सप्टेंबर २०१२ पासून स्वतंत्र मंडळाचा हा आदेशाचा अधिकारच गेला. ते गव्हर्नरांचा निर्णय रद्द करून फेरविचार करायला लावू शकते, एवढेच. फेरविचारातही गव्हर्नर अडून राहिले, तर शाळेला ४,००० पौंड भरावे लागू शकतात. मूल मात्र बाहेरच राहते.

म्हणून सगळा भार गव्हर्नरांच्या बैठकीवर येतो. कायमचे काढल्यावर ती शाळेच्या १५ दिवसांत घ्यावी लागते. गंभीर किंवा वारंवार शिस्तभंग झाला, एवढे दाखवून भागत नाही. मूल शाळेत राहिले तर त्याचे किंवा इतरांचे शिक्षण वा हित गंभीरपणे बिघडेल, हेही दिसावे लागते. दोन्ही बाजू ऐकून झाल्या की पालकांबरोबर मुख्याध्यापकांनाही खोलीबाहेर जावे लागते. या व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. ज्यांच्याबरोबर वर्षभर काम करायचे, त्यांना ‘तुमचे चुकले’ म्हणायला धैर्य लागते. त्यांच्यासमोर तर ते फारच अवघड.

एकट्या २०२३-२४ या वर्षात १०,८८५ वेळा मुलांना कायमचे काढले गेले. एडवर्ड टिम्पसन यांच्या २०१९ च्या अहवालात अशांपैकी ७८ टक्के मुले विशेष शैक्षणिक गरजा असलेली, समाजसेवा विभागाच्या मदतीची गरज असलेली किंवा मोफत जेवणास पात्र अशी होती. गव्हर्नरांनी सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा तो या प्रश्नाला: काढण्याआधी शाळेने या मुलासाठी काय केले? पुढच्या पायरीवर, स्वतंत्र मंडळापुढे, पालक विशेष गरजांचा तज्ज्ञ मागू शकतात, शाळेने ती गरज मान्य केलेली नसली तरीही. तो तज्ज्ञ गव्हर्नरांच्या बैठकीतच मिळायला हवा, कारण मुलाला खरोखर परत घेण्याचा अधिकार तिथेच उरला आहे.