न धुतलेला रोल

वारशात घड्याळ आलं तर चावी दिल्यावर ते आजची वेळ दाखवतं. आधी ते ज्याच्या मनगटावर होतं, त्याची वेळ त्यात शिल्लक राहत नाही. कॅमेऱ्याचं तसं नाही. त्याच्या पोटात आधीच्या माणसाचं बघणं राहून गेलेलं असू शकतं, आणि ते कोणीच, खुद्द त्या माणसानेही, पाहिलेलं नसतं. अशा बघण्यावर वारसाचा हक्क पोचतो का?

प्रकरण साधं आहे. आत्या गेली आणि तिचे दोन कॅमेरे माझ्याकडे आले. एक यशिका मॅट, दुसरा ॲग्फा क्लिक थ्री. हा क्लिक आमच्या बडोद्यातच बनत असे, आणि एके काळी मध्यमवर्गीय घरात कॅमेरा म्हटला की बहुधा हाच. यशिका रिकामा होता. क्लिकच्या पाठीवरच्या लाल खिडकीत मात्र ७ आकडा दिसत होता. बारा फोटोंच्या रोलवर सहा तरी निघालेले. सातव्याचं सांगता येत नाही, कारण क्लिकमध्ये रोल सरकवणं आणि बटण दाबणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. तो माणसाने लक्षात ठेवायचा.

मी रोल धुवायचं म्हटल्यावर बाबा म्हणाले, "तिला हवा असता तर तिनेच नसता का धुतला?" आत्याच्या हातात क्लिक शेवटचा पाहिला त्याला वीसेक वर्षं होऊन गेली आहेत. तेव्हा बाबांचं म्हणणं हलकं नाही.

माझ्या धंद्यात हा वाद जुनाच. काफ्काने कागद जाळायला सांगितले, माक्स ब्रोडने जाळले नाहीत, आणि आपण सगळे त्या अवज्ञेचे लाभार्थी. पण तिथे निदान मोडायला एक इच्छा होती. आत्याने काहीच सांगितलं नव्हतं. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ बाबा नकार असा लावतात. मला त्यात काटकसर दिसते. आमच्या घरात रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायची पद्धत नव्हती. सहलीचे चार, मुंजीचे तीन, मग पुढच्या लग्नापर्यंत थांबायचं. ते लग्न होईतो दुसऱ्या कोणी नवा कॅमेरा आणलेला असायचा. विसरणं म्हणजे नाकारणं नव्हे. अर्थात ती संमतीही नव्हे, हे मला मान्य करावंच लागतं.

अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड १९८४ साली वारला तेव्हा त्याच्यामागे सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले निघाले. ते पुढे धुतले गेले. १९८८ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जॉन शार्कोव्स्कीने त्याचं मोठं प्रदर्शन मांडलं. विनोग्रँडचा तो जुना चाहता, पण या शेवटच्या कामाबद्दल त्याचं मत कठोर होतं. मग २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पुन्हा एक प्रदर्शन झालं आणि त्याच ढिगातून वेगळी निवड पुढे आली. मग विनोग्रँडचं शेवटचं काम नेमकं कुठलं? बटण त्याने दाबलं हे खरं. पण काढलेल्या शंभरांतून एक ठेवणं आणि नव्याण्णव टाकणं, यातच छायाचित्रकाराचं अर्धं म्हणणं असतं. ते अर्धं दुसऱ्यांनी म्हटलं. शिकागोच्या व्हिव्हियन मायरच्या बाबतीत तर तिचं साठवलेलं सामान २००७ मध्ये लिलावात गेलं आणि २००९ मध्ये ती वारल्यावर ज्यांनी ते घेतलं होतं त्यांनी तिला जगप्रसिद्ध केलं. फोटो अप्रतिम आहेत. तरी ते बघताना मला दार न वाजवता आत आल्यासारखं वाटतं.

म्हणून माझ्यापुरता मी धुणं आणि दाखवणं असा भेद केला आहे. दाखवणं ही निवड आहे, ती आत्याची होती आणि तिच्याबरोबर गेली. शिवाय फोटोत जे असतील ते तिच्यासमोर उभे राहिले होते, माझ्यासमोर नव्हे. धुण्याची गोष्ट वेगळी. फिल्मवर प्रकाश पडला की चांदीच्या क्षाराच्या कणावर चांदीचे मोजके अणू गोळा होतात. डोळ्याला काही दिसत नाही, पण प्रतिमा तिथे असते. रसायन तिला फक्त वाढवतं. आणि ही सुप्त प्रतिमा टिकून राहत नाही. उष्णतेने, दमटपणाने ती विरत जाते आणि फिल्मवर धुकं चढतं. १८९७ साली बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या तीन स्वीडिश माणसांच्या फिल्म १९३० मध्ये सापडल्या आणि धुतल्यावर त्यांतून चित्रं निघाली, पण त्या बर्फात होत्या. आत्याचं कपाट बडोद्याचे उन्हाळे सोसत होतं. म्हणजे 'असू दे तसाच' हासुद्धा निर्णयच आहे, फक्त तो उन्हाळ्याकडून करवून घेतलेला.

जाता जाता एक गंमत. फोटो मराठीत 'काढतात', हिंदीत 'खींचते' हैं, गुजरातीत 'पाडे' छे, बंगालीत 'तोले'. चारही भाषांनी सगळं श्रेय बटण दाबणाऱ्याला दिलं आहे. धुणाऱ्याच्या वाट्याला आपलं धुणं-भांड्यांतलं क्रियापद! अनुवादकाला हे निराळं सांगायला नको.

उरलेल्या पाच कोऱ्या चौकटींचं काय, हाही प्रश्न होता. भाची हौशी, तिच्या मते त्यांवर मी माझे फोटो काढावेत, "छान वाटेल गं, दोघींचा एकच रोल." कल्पना गोड आहे. पण अपुऱ्या कादंबरीचा शेवट स्वतः लिहून मूळ लेखकाच्या नावाखाली छापणारा अनुवादक मला पटत नाही. मी काही न काढता रोल शेवटपर्यंत गुंडाळला, चिकटपट्टी ओली करून बंद केला आणि फ्रीजमध्ये ठेवला.

तो बाहेर धुवायला द्यायचा नाही हेही ठरलं. आत्याची माणसं आधी परक्याने का बघावीत? म्हणून यशिकावर शिकते आहे. भिंगावर बुरशी आहे का ते टॉर्च मारून पाहिलं, शटरचे संथ वेग अडकतात ते कानाने ओळखून सोडून दिले. मीटरशिवाय उजेड मोजायचा जुना नियम पाठ केला: लख्ख उन्हात भिंगाचं छिद्र १६ वर, आणि फिल्मचा वेग १०० असेल तर शटर साधारण सेकंदाचा शंभरावा भाग. यशिकात मान खाली घालून बघावं लागतं आणि काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं. माणूस डावीकडे सरकला की आपण हमखास चुकीकडे वळतो. धुण्याचं रसायन २० अंशांवर हवं आणि आमच्या नळाला उन्हाळ्यात तिशीच्या वरचं पाणी, तेव्हा बादलीत बर्फ. आत्याचा रोल रंगीत निघाला तरी कृष्णधवल रसायनातच धुणार. रंग जातील, आकार राहतील. धुक्यामुळे काहीच न निघण्याचीही तयारी ठेवली आहे.

आतापर्यंत सरावाचे चार रोल झाले. तिसऱ्यापर्यंत डाग होते, चौथा स्वच्छ आहे. बाबांना तो दाखवला. त्यांनी निगेटिव्ह खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "मला यातलं काही ओळखता येत नाही. तिचे निघाले तर मोठे करून आण. आणि आधी मला." मीही तेच म्हणणार होते. त्या सहा-सात चौकटींत झाडाखाली एक बाई उभी असेल तर मला ती झाडाखालची बाईच दिसेल. तिचं नाव बाबांना ठाऊक असेल.