हात आधी, मी नंतर

ड्रॅग शर्यतीत दोन घड्याळं असतात, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. एक हिरवा दिवा कधी लागला तिथून मोजतं. दुसरं पुढचं चाक सुरुवातीच्या रेषेवरचा प्रकाशकिरण सोडतं तेव्हा सुरू होतं. त्यामुळे पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, कमी वेळात कापूनही स्वार हरू शकतो. शेजारचा आधी निघालेला असतो.

'प्रो ट्री' पद्धतीत तिन्ही पिवळे दिवे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदांनी हिरवा. डोळ्यानं पाहून हात हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. मग क्लच धरणार, टायर पकड घेणार, चाक किरणाबाहेर पडणार. हिरव्याची वाट पाहणारा तिथंच मागे पडला. क्लच पिवळ्यावरच सोडावा लागतो, परवानगी मिळण्याआधी. जरा जास्तच आधी सोडला तर लाल दिवा, फाउल.

मग निर्णय होतो कधी? सुटण्याच्या क्षणी नाही, तिथं विचाराला जागाच नसते. तो आदल्या आठवड्यांत होतो. स्विंगआर्म लांब केला, पुढचे फोर्क पट्ट्यानं दाबून बांधले, की गाडीची पुढून उठायची खोड कमी होते. मागच्या टायरात हवा किती, क्लच किती आरपीएमवर सोडायचा, हे एका वेळी एकच गोष्ट बदलून वहीत लिहायचं. (माझ्या वहीची निम्मी पानं ग्रीसनं चिकटलीत.) आणि मग तीच सुटका, पुन्हा पुन्हा. न्यायी कृत्यं करत करतच माणूस न्यायी होतो, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. मला ते क्लचच्या लिव्हरवर पटलं.

पण सराव म्हणजे स्वतःला विचारायची पायरी काढून टाकणं. रिकाम्या धावपट्टीवर ते ठीक. पुण्यात सिग्नलवर उलटे आकडे दिसतात. तीन उरले की सगळ्या गाड्या हलू लागतात, आणि झेब्रा पट्ट्यांवर कुणी आजोबा अजून अर्ध्यात असतात. माझा हात तिथंही तोच. तो आपोआप सुटला, ही सबब मला मान्य नाही. आपोआप सुटावा म्हणून तर मी महिने घातले. शिंकेला जबाबदार धरता येत नाही, शिकवलेल्या हाताला येतं. फक्त हिशोब त्या क्षणाचा नसतो, वहीतल्या पानांचा असतो.

"इतका विचार केलास तर लाइनवर झोपशील," मित्र म्हणतो. लाइनवर मी विचार करतच नाही, अडचण तीच आहे. शहरात मी सिग्नलला गाडी न्यूट्रलला टाकतो आणि डावा हात मांडीवर ठेवतो. मागचे हॉर्न वाजवतात.