शेवटच्या सायकलसाठी



आषाढातल्या पहाटे साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढणारे सायकलस्वार तुम्ही कधी पाहिलेत? धुकं इतकं दाट, की पुढच्याचा लाल दिवा तेवढा दिसतो. कासचं पठार साधारण २५ किलोमीटरवर. चढ लागला की तगडे गडी पुढे निघतात, नवखे मागे पडतात. तरीही पुढे गेलेले वळणाच्या माथ्यावर पाय टेकून उभे राहतात. शेवटची सायकल येईपर्यंत कुणी हलत नाही.

यात चांगुलपणा आहेच, पण शहाणपणही आहे. भिजलेला ब्रेक उशिरा लागतो. उतारावर शेवाळ असतं, वाहून आलेली माती असते. एकटा घसरला तर धुक्यात कुणाला कळणारही नाही. म्हणून एखादा मुरलेला सायकलस्वार मुद्दाम सर्वांच्या मागे राहतो.

या डोंगरांतलं पाणीही सोबतीनंच पुढे जातं. वेण्णा संगम माहुलीला कृष्णेला भेटते, कोयना कराडच्या प्रीतिसंगमावर, वारणा सांगलीजवळ हरिपूरला. म्हणूनच कृष्णेचं पात्र एवढं भरून वाहतं.

आपल्याही वाटेवर कुणीतरी मागे राहिलेलं असतं. अभ्यासात अडखळणारं लेकरू, कामावर नव्यानं आलेली मुलगी, थकलेले वडील. त्यांना नुसती हाक मारून भागत नाही. आज पुढच्या वळणावर त्यांच्यासाठी घटकाभर थांबा, आणि मग सोबतीनं निघा.