देऊळ फिरले की गायक? : रॅपगीताचे बाजारी यश आणि श्रोत्याचे दायित्व

१

औंढा नागनाथच्या देवळाविषयीची कथा मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना त्यांच्या जातीमुळे तेथून उठवून देवळाच्या मागच्या बाजूस घालविले. नामदेव तेथेच गात राहिले आणि देऊळ त्यांच्याकडे तोंड करून फिरले. औंढ्याचा नंदी देवळाच्या मागच्या अंगाला का आहे, याचे कारण भाविक या कथेत शोधतात. देऊळ फिरल्याच्या या प्रसंगाचे स्मरण गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट असलेल्या नामदेवांच्या ६१ पदांपैकी एका पदातही आहे. परंपरेने ज्याला नामदेवांचे जन्मगाव मानले जाते ते नर्सी आणि हे औंढा, ही दोन्ही स्थळे आज हिंगोली जिल्ह्यात येतात. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा सांस्कृतिक चर्चांच्या नकाशावर सहसा मागच्या बाजूसच असतो.

प्रस्तुत लेखात या कथेच्या ऐतिहासिकतेचा विचार करावयाचा नाही. गायन, गायकाचे स्थान आणि ऐकणाऱ्याचे वळणे या तिघांतील नैतिक संबंध ही कथा फार नेमकेपणाने मांडते, म्हणून तिचा आधार घ्यावयाचा आहे. प्रश्न आजचा आहे. एखादे रॅप आणि पॉप यांच्या संयोगातून जन्मलेले गीत अफाट खपते तेव्हा नेमके काय घडलेले असते? देऊळ फिरलेले असते, की गायकालाच उचलून पुढच्या दारी आणलेले असते?

२

२०२४ या एकाच वर्षात दोन मराठी गीतांनी हा प्रश्न आपल्यापुढे ठेवला. जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड आणि संगीतसंयोजक जी-स्पार्क यांचे ‘गुलाबी साडी’ हे त्यातले एक. क्रेटेक्स हा संगीतनिर्माता आणि श्रेयस हा रॅपर यांचे ‘तांबडी चामडी’ हे दुसरे. ते स्पिनिन रेकॉर्ड्स या मूळच्या डच कंपनीने प्रकाशित केले आणि ही कंपनी २०१७ पासून वॉर्नर या बड्या समूहाच्या मालकीची आहे. दोन्ही गीते कोट्यवधी वेळा ऐकली-पाहिली गेली. रूढ अर्थाने ही द्वंद्वगीते नव्हेत. त्यांत स्त्री-पुरुषांचे गळे एकमेकांना उत्तर देत नाहीत. तरीही दोन्हींमागे दोन कर्ते आहेत, एक शब्दाचा आणि एक नादाचा. रॅपमधील बोलता शब्द आणि पॉपमधील गोड, पुन्हापुन्हा येणारा ताल या दोन तत्त्वांचे हे द्वंद्व आहे. जगभरातील यशस्वी रॅप-पॉप गीतांचे व्याकरण हेच आहे.

या यशानंतर जी भाषा सर्वत्र ऐकू आली ती विजयाची होती. मराठी साता समुद्रापार गेली, मराठीचा न्यूनगंड संपला, असे म्हटले गेले. ही भावना खोटी नाही. ‘तांबडी चामडी’ या शीर्षकाकडेच पाहावे. ज्या रंगाची आपल्या समाजात लहानपणापासून लाज बाळगायला शिकविले जाते, लग्नाच्या बाजारात जो रंग लपविला जातो, तो येथे मिरविला जातो. हिंगोली-कळमनुरीच्या रस्त्यावर लग्नसराईत वरातीपुढे अशा गाण्यावर नाचणारा मुलगा आपल्या कातडीविषयीचे काहीतरी चारचौघांत उच्चारत असतो. त्याच्यापुरते देऊळ थोडे फिरलेले असते. हे नाकारणारी समीक्षा मला अहंमन्य वाटते.

३

परंतु समीक्षेने आजवर या प्रकारच्या यशाकडे दोनच प्रकारे पाहिले आहे. पहिला मार्ग तुच्छतेचा. अडोर्नोने १९४१ साली लोकप्रिय संगीताविषयी लिहिताना असे मांडले की, या संगीताचा साचा आधीच ठरलेला असतो, त्यातले वेगळेपण वरवरचे असते आणि ऐकणाऱ्याच्या वतीने ऐकण्याचे काम गाण्यानेच उरकून टाकलेले असते. दुसरा मार्ग उत्सवाचा. ज्याअर्थी एवढ्या लोकांनी ऐकले त्याअर्थी ते लोकांचे आहे आणि जे लोकांचे ते मूल्यवान, असे हे अनुमान आहे. परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन भूमिकांत एक गृहीतक समान आहे. संख्या म्हणजे संमती, असे दोघेही मानतात. पहिला या संमतीला फसवणूक म्हणतो, दुसरा कौल म्हणतो, इतकेच.

येथे कांटचे स्मरण उपयोगी ठरते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथातून कांटच्या सौंदर्यविचाराला मराठीत प्रतिष्ठा मिळवून दिली. १७९० च्या तिसऱ्या ‘क्रिटीक’मध्ये कांट म्हणतो त्याचा आशय असा की, एखादी वस्तू सुंदर आहे असे म्हणताना आपण सर्वांच्या संमतीची अपेक्षा करतो, ती जणू मागतो, पण ही संमती डोकी मोजून सिद्ध होत नाही. सर्वांनी होकार दिला म्हणून माझा निर्णय खरा ठरत नाही आणि कोणीच दिला नाही म्हणून खोटाही ठरत नाही. संमतीची मागणी आणि संमतीची मोजणी या दोन भिन्न कोटी आहेत. बाजारी यश पहिलीच्या जागी दुसरी आणून बसविते.

मग मोजले तरी काय जाते? स्पॉटिफाय या मंचावर गाणे ३० सेकंद वाजले की एक वादन धरले जाते. ते मन लावून ऐकले, पाठ केले, की दुकानात कोणाचे लक्ष नसताना वाजत राहिले, याची नोंद त्या आकड्यात नसते. भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि लगोलग जुलैमध्ये इन्स्टाग्रामचे रील्स सुरू झाले. त्यानंतर गाण्याच्या पंधरा-वीस सेकंदांच्या तुकड्याला स्वतंत्र आयुष्य मिळाले. हा तुकडा ऐकला जातो त्याहून अधिक वापरला जातो. म्हणजे आपण ज्याला दाद समजतो ती पुष्कळदा केवळ हालचाल असते. हालचालीला नैतिक दायित्व नसते, दादेला असते. दाद देणारा ‘मी हे ऐकले’ असे म्हणत असतो, आणि ऐकले म्हणणाऱ्याला काय ऐकले असे विचारता येते.

४

हा भेद गीताच्या रूपबंधातच कसा रुजलेला आहे ते पाहिले पाहिजे. दोन आवाजांची ही योजना आपल्याला अपरिचित नाही. पोवाड्यात शाहीर द्रुत लयीत, गाण्याच्या आणि बोलण्याच्या सीमेवर, प्रसंग सांगत जातो. झीलकरी त्याच्यामागे झील धरतात. अभंगात चरण पुढे सरकतात आणि ध्रुवपद परतून येते. या योजनेत परतून येणाऱ्या ओळीचे काम काय असते? प्रत्येक चरणानंतर ती नव्या अर्थाने भारून येते. कीर्तनात टाळकरी ध्रुवपद उचलतात तेव्हा नुकतेच सांगितलेले त्यांना मान्य आहे, असे ते सामुदायिकपणे म्हणत असतात. ध्रुवपद ही चरणाला दिलेली साक्ष होय.

रॅप-पॉप गीतात हा संबंध तुटण्याची शक्यता सतत वावरत असते. एमिनेम आणि रिहाना यांचे २०१० मधील ‘लव्ह द वे यू लाय’ हे उदाहरण घ्या. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते सात आठवडे प्रथम क्रमांकावर होते. त्याचा विषय जोडप्यातील मारहाण हा आहे. पुरुषाचा रॅप पश्चात्तापातून पुन्हा हिंसेकडे जाणारे चक्र उघड करीत जातो. स्त्रीच्या आवाजातील मधुर ध्रुवपद मात्र सोसण्यालाच जणू होकार देते. रिहानाला २००९ साली तिच्या तेव्हाच्या जोडीदाराकडून झालेली मारहाण साऱ्या जगाला माहीत होती; हे ध्रुवपद मुळात लिहिले होते स्कायलर ग्रे या दुसऱ्या गायिकेने. पूर्ण गीत ऐकणाऱ्याला दोन आवाजांतील ताण असह्य वाटू शकतो आणि तेच त्या गीताचे बळ आहे. पण जिभेवर राहते ते ध्रुवपद. चरणांपासून सुटलेले ध्रुवपद साक्ष राहत नाही, ते वेदनेचे गोड पान होते. गाण्याने काय म्हटले याची जबाबदारी कवीची; त्यातला कोणता भाग आपण उचलला याची जबाबदारी आपली.

आता ‘तांबडी चामडी’कडे परत येऊ. मराठी न जाणणाऱ्या श्रोत्याला ते सगळेच ध्रुवपद आहे. शब्दांतील अनुप्रास, त्यांचा खडखडाट, तालावर आपटणारी अक्षरे त्याच्यापर्यंत पोचतात. कातडीविषयीचे विधान पोचत नाही. भाषा गेली, पण नादद्रव्य म्हणून गेली. मराठीला जग मिळाले, या वाक्यातील ‘मराठी’ म्हणजे नेमके काय, असे येथे विचारणे भाग आहे.

५

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. नाद हा अर्थापेक्षा हीन आहे, असे कोणी ठरविले? कीर्तनातही टाळ-मृदंगाच्या गजरात शब्द वितळतात. आणि नामदेवांची वाणी तरी पंजाबात गेली तेव्हा तिला मराठी समजणारा श्रोता कोठे होता?

आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. न समजणाऱ्या भाषेतील गाण्याने माणूस हलतो हे खरे आहे आणि त्यात गैर काहीच नाही. दुसऱ्या भागात मात्र एक महत्त्वाचा भेद निसटतो. नामदेव पंजाबात गेले तेव्हा ते त्या लोकांत राहिले आणि त्यांच्या भाषेत बोलले, असे परंपरा सांगते. त्यांची पदे तेथील समाजाने ग्रंथात जतन केली, अर्थासह पठणात ठेवली आणि आजही त्या परंपरेतील भाविक त्यांचे गाव शोधत नर्सीला येतात. ऐकण्यातून ऐकणाऱ्यावर काही बंधन आले. वळणे म्हणतात ते हेच. डिजिटल बाजार अशा बंधनाला मनाई करीत नाही; त्याला त्याची गरज नसते, एवढेच. वरातीतला मुलगा आणि दूरदेशीच्या नृत्यगृहातला अनोळखी तरुण त्याच्या लेखी सारखेच एकेक वादन आहेत. पहिल्यासाठी गाणे विधान होते, दुसऱ्यासाठी ताल. दोघांनाही आनंद झाला. पण दाद पहिल्याने दिली.

६

आता औंढ्याच्या कथेतील एका तपशिलाकडे लक्ष वेधावयाचे आहे. देऊळ फिरले तेव्हा नामदेव पुढे आले नाहीत. ते होते तेथेच राहिले. त्यांची जागा हीच पुढची बाजू ठरली आणि पुढे बसलेले पुजारी मागे गेले. कथेतील चमत्कार व्यक्तीच्या उत्कर्षाचा नाही, पुढे-मागे ठरविणाऱ्या रचनेचा आहे.

बाजारी यशाला हा निकष लावून पाहावा. एक गायक पुढे येतो. रचना तशीच राहते. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे की, मागील १२ महिन्यांत १,००० वादने न झालेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला मानधन मिळत नाही. एखाद्या तांड्यावरच्या मुलाने आजीच्या तोंडची होळीची लेंगी ध्वनिमुद्रित करून तेथे ठेवली आणि ती नऊशे वेळा ऐकली गेली, तर तिची किंमत शून्य. नऊशे वेळा ऐकणारे ती भाषा जाणणारे, त्या आजीचा सूर ओळखणारे असतील. त्यांच्यातला एकेक जण खरी दाद देणारा असेल. तरीही शून्य. या नियमामागे व्यवहाराची कारणे सांगता येतील. पण तो मोजणीचे तत्त्वज्ञान उघड करतो, हे विसरून चालणार नाही. देवळाची मागची बाजू येथे नियमाने आखून दिलेली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्याने गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा सोडून देता येणार नाही असा केला, ही मोठी गोष्ट होय. पण वाटा ठरण्याआधी मोजले जावे लागते.

म्हणून ‘गुलाबी साडी’ किंवा ‘तांबडी चामडी’ यांचे यश खोटे आहे असे मी म्हणणार नाही. जळगावच्या एका तरुणाचे मराठी गाणे जगभर वाजते, यात आनंद मानण्यासाठी कोणाची परवानगी नको. पण या यशालाच देऊळ फिरल्याचा पुरावा मानणे, ही आपली, म्हणजे श्रोत्यांची आणि समीक्षकांची, नैतिक चूक ठरेल. यशस्वी गायकाकडे वळणे सोपे असते. तेथे वळावे लागतच नाही, तो समोरच उभा असतो. त्याच्याचकडे पाहून मागची बाजू आता उरली नाही असे मानणारा श्रोता पुजाऱ्यांच्याच रांगेत बसलेला असतो, मग त्याच्या हातात टाळ का असेना.

आजच्या समीक्षेचे काम यातून स्पष्ट होते. तिने आकड्यांना शिव्याही देऊ नयेत आणि ओवाळूही नये. तिने गाणे पूर्ण ऐकावे, ध्रुवपदाला त्याच्या चरणांशी पुन्हा जोडून द्यावे, आणि नंतर उठून देवळाच्या मागच्या बाजूस जाऊन तेथे कोण गात आहे ते पाहावे. औंढ्याचे देऊळ दगडाचे होते आणि तरीही ते वळले, असे आपले पूर्वज सांगत आले. आपल्याला तर मान आहे.