बरोबर उत्तर कुणी ठरवायचं?

आपल्याकडे मुलांच्या करिअरच्या गप्पा डॉक्टर-इंजिनियरच्या पलीकडे फारशा जात नाहीत. त्यामुळे नर्सिंगच्या परीक्षेत एक नाजूक नैतिक प्रश्न दडलेला आहे, हे कुणाच्या कानावर येत नाही.

इथे आर.एन. व्हायचं तर 'एनक्लेक्स' पास व्हावी लागते. १९९४ पासून ती कॉम्प्युटरवर आहे. प्रत्येक उत्तर पाहून पुढचा प्रश्न निवडला जातो. आयटीवाला म्हणून मला त्या अल्गोरिदमचं कौतुक आहे. पण त्याच्या पोटातले प्रश्न लिहितात प्रत्यक्ष नर्सेस. त्यात मनोरुग्णांबरोबर काम करणाऱ्या नर्सेस लागतातच, कारण इन्सुलिनचा डोस गणिताने निघतो, मनाच्या दुखण्यात मात्र उत्तर म्हणजे एक वाक्य असतं.

समजा, पेशंट म्हणतो, "मला आवाज ऐकू येतात." 'असले आवाज नसतातच' हे उत्तर चूक. 'काळजी करू नका, सगळं ठीक होईल' हेही चूक! बरोबर साधारण असं: 'मला ते ऐकू येत नाहीत, पण तुम्हाला भीती वाटतेय हे दिसतंय. ते काय सांगतात?' आत्महत्येची शंका आली तर सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही.

म्हणजे आपल्या आई-मावशांनी पिढ्यान् पिढ्या दिलेला धीर इथे चुकीच्या पर्यायांत जाऊन बसला! हा अमेरिकन बोलण्याचा साचा आपल्यावर लादणं नव्हे का? मला तसं वाटत नाही. मावशी 'ठीक होईल' म्हणते आणि रात्रभर उशाशी बसते. नर्सची शिफ्ट संपते. मागे उरतं ते नुसतं वाक्य.

तरी प्रश्न सुटत नाही. नवे प्रश्न आधी मार्कांशिवाय, खऱ्या परीक्षेतच मिसळून तपासले जातात. एखाद्या गटाला एखादा प्रश्न विनाकारण जड जातो का, तेही आकडेवारीने पाहतात. पण आकडा 'इथे काहीतरी आहे' एवढंच सांगतो. काय आहे, ते ओळखायला त्या घरात वाढलेलं माणूस लागतं. म्हणून प्रश्न लिहिणाऱ्यांत आपल्यासारख्या घरातल्या नर्सेस असाव्यात असं मला वाटतं. अशा नर्सेस आधीच कमी, त्यांना वॉर्डातून चार दिवस उचलायचं म्हणजे तिथल्या पेशंटचं नुकसान, हेही खरंच. तरीही.

कारण हा प्रश्न पाहा. एडिसनमध्ये मुलाकडे आलेल्या आजी. इंग्रजी येत नाही, "जीव घाबरा होतो" म्हणतात, आणि मुलगा भाषांतर करतोय. परीक्षेचं उत्तर: घरच्या माणसाऐवजी प्रशिक्षित दुभाषी बोलवा. मुलाला लागणारच, "मी असताना परका कशाला?" पण "आता जगावंसं वाटत नाही" हे वाक्य आजी मुलाच्या तोंडून इंग्रजीत जाऊ देतील का? हा प्रश्न लिहायला, आणि त्यात मुलाशी काय बोलायचं हेही घालायला, अशा आजींना ओळखणारी नर्सच हवी.